सोनमची तिसरी आणि माझी

५ जून, सोमवार. सकाळी ६.
आजपासून सोनमची तिसरी सुरू. डिचोलीतली सिस्टरांची शाळा, इंग्लिश मीडियम. दोनशे पानी दोन वह्या आणल्या. एक तिला, एक मला. माझी ही.
संकल्प: वर्षभरात सोनम जे जे शिकेल ते ते मीही शिकणार. परीक्षेपर्यंत इंग्लिश एकदम फाडफाड. मग फॅक्टरीत पॅकिंग सुपरवायझरचा शिफ्ट इन्चार्ज होणं ही फक्त फॉर्मॅलिटी.
सिंधू गडहिंग्लजला माहेरी गेलीय, मे महिन्यात. तिच्या आईचा पाय मोडला. पंधरा दिवसांत येईल. तोवर मी आणि सोनम. अवघड काही नाही. फॅक्टरीत माझ्या हाताखाली अकरा माणसं आहेत. इथे एकच, आणि तीही आठ वर्षांची.

७ जून.
शाळेत दोन वेण्या, पांढऱ्या रिबिनी, कंपल्सरी. मोबाईलवर व्हिडिओ बघून घातल्या. बारा वर्षं पॅकिंगमध्ये काढलेल्या माणसाला बांधाबांध काय शिकवायची. दुपारी सोनम आली तेव्हा वेण्या वेगळ्याच दिसल्या. विचारलं. म्हणाली, टीचरनं सोडून परत घातल्या.
फिनिशिंग केलं असणार.

१९ जून. संध्याकाळ.
काल रात्री जेवायला बसलो. माझा घास तोंडात, आणि सोनम हात जोडून, डोळे मिटून बसलेली. म्हणाली, पप्पा, थांबा. शाळेत डबा उघडायच्या आधी सगळे 'ग्रेस' म्हणतात. थँक यू फॉर धिस फूड. मी म्हटलं, फूड मी केलंय, थँक यू दुसऱ्याला कशाला? म्हणाली, तुम्हाला पण म्हणते. आणि म्हटली. भात खालून लागला होता, तरी म्हटली.
शेवटी हळूच दोन शब्द जोडते. कान देऊन ऐकले. 'अँड मम्मी.' मम्मीचं पुढं काय ते नाही. वाक्य अर्धवट आहे. टीचरच्या कानावर घालायला हवं.
फॅक्टरीत गौरेशला विचारलं, ह्या प्रार्थनांचं काही टेन्शन घ्यायचं का? गौरेश इथलाच, लाटंबार्शाचा. म्हणाला, मी त्याच शाळेत शिकलो, सगळ्या प्रार्थना अजून पाठ आहेत, आणि दर वर्षी शिरगावच्या जत्रेत देवीचा व्रतकरी धोंड म्हणून निखाऱ्यावरून पण चालतो. फक्त वजाबाकी अजून येत नाही.

४ जुलै.
वजाबाकीच आली. ५२ वजा २७. मी आमच्या गुरुजींची पद्धत शिकवली: वर दहा द्यायचे, खाली एक वाढवायचा. टीचरची पद्धत, शेजारच्या दशकाकडून उसने घ्यायचे. सोनमनं दोन्ही वापरल्या. उसने पण घेतले आणि खाली एक पण वाढवला. दहापैकी दहा चूक.
शनिवारी ओपन डे आहे. बोलणार. इंग्लिशमध्ये.

८ जुलै, शनिवार.
वाक्य तीन दिवस पाठ केलं होतं: माय डॉटर इज व्हेरी इम्प्रूव्हमेंट मॅडम, ओन्ली युवर मेथड अँड माय मेथड आर फायटिंग. लुर्डिना टीचर पन्नाशीच्या, चष्मा दोरीला अडकवलेला. हसल्या नाहीत. म्हणाल्या, मिस्टर केरबा, मराठीत बोला, मला समजतं.
मेथडचं म्हणे विशेष नाही, ती येईल. पण सोनम मधल्या सुट्टीत डबा उघडत नाही. मुली बोलावतात, ती जाऊन बसते, बोलत नाही. घरी बोलते का?
म्हटलं, घरी भरपूर बोलणं चालतं.
परत येताना विचार केला. चालतं हे खरं. मी बोलतो.
एकंदरीत मीटिंग चांगली झाली. शांत मुलगी आहे, असाच त्यांच्या बोलण्याचा सूर होता. अशा मुली सिस्टरांना आवडतात.

२० जुलै.
सिंधूचा फोन. सोनमशी पंचवीस मिनिटं. नंतर माझ्याशी: 'गॅसवाल्याचा नंबर फ्रिजवर चिकटवलाय.'
पंधरा दिवसांचे दोन महिने झाले. म्हातारपणी हाड सावकाश जुळतं. इंग्लिश: गाडी पंक्चर झाल्यामुळे या आठवड्यात राहिलं.

१६ ऑगस्ट.
शाळेत कॅथलिक मुलं कॅटेकिझमला, म्हणजे त्यांच्या धर्मशिक्षणाला, जातात. त्या तासाला बाकीच्यांना व्हॅल्यू एज्युकेशन. ह्या आठवड्याचा धडा 'सॉरी'. मला वाटलं, एका शब्दाचा कसला धडा. तर त्याचे तीन भाग आहेत. मी काय केलं, ते का चुकलं, आता मी काय करणार. तिन्ही म्हटल्याशिवाय सॉरी पूर्ण होत नाही.
सोनमनं लगेच माझ्यावर प्रॅक्टिस केली. पप्पा, मी तुमच्या शर्टावर शाई सांडली. तुम्हाला न विचारता पेन घेतलं ते चुकलं. आता मी शर्ट धुते. मी म्हटलं, असू दे. म्हणाली, असू दे म्हणायचं नाही, 'सांगितलंस ते बरं केलंस' म्हणायचं. म्हटलं.
मग म्हणाली, आता तुमचा टर्न. मी विचारलं, कुणाला? म्हणाली, मम्मीला. मशीनचं.
तिला दूध दिलं आणि झोपायला पाठवलं. सात वाजले होते. झोपली नाही, पण गेली.

१७ ऑगस्ट.
रेकॉर्डसाठी लिहून ठेवतो. शिलाई मशीन सिंधूच्या माहेरची, लग्नातली. आमची खोली लहान. मशीनवर मी टीव्ही ठेवला होता, म्हणजे मशीन वापरात नव्हतीच. एप्रिलमध्ये आजऱ्याकडे जाणारा टेम्पो आयता मिळाला. माझ्या बहिणीला, रेश्माला, मशीन पाठवून दिली. सिंधू तेव्हा बुधवारच्या बाजारात गेली होती. परत आली तर टीव्ही जमिनीवर. तिनं टीव्हीकडे बघितलं. तीन दिवस बोलली नाही. नंतर कळलं, त्या दिवशी बाजारातून चार ब्लाउजांची ऑर्डर घेऊन आली होती.
मला कसं कळणार? शिवणकाम सुरू करायचंय असं एकदा म्हणाली होती. तेव्हा मॅच चालू होती.
पुढच्याच महिन्यात तिच्या आईचा पाय मोडला. ह्या दोन गोष्टींचा एकमेकींशी संबंध नाही.

२० सप्टेंबर.
चवथीला, म्हणजे गणपतीला, सिंधू येणार असं मी धरून चाललो होतो. आली नाही. फॅक्टरी बंद, आमच्याकडची सगळी माणसं कोल्हापूरला, बेळगावला गेलेली. वसाहतीत कुत्री आणि आम्ही दोघं. काल जेवायला आनंदी मावशीकडे बोलावणं होतं. मावशी म्हणजे आमची घरमालकीण, शेजारीच राहते. वाढताना विचारलं, 'केरबा, तुजी बायल केन्ना येतली रे?' म्हटलं, येईल की, लवकरच. मावशीनं माझ्या पानात आणखी एक नेवरी, म्हणजे आपली करंजी, ठेवली.
सोनम तिथं अखंड बोलत होती. शाळा, टीचर, बेंचवर शेजारी बसणारी ॲनेट, ॲनेटचं मांजर. मला मांजराचा पत्ताच नव्हता. आमच्या खोलीत बोलायला जागा कमी पडत असेल.

३ ऑक्टोबर.
ईव्हीएसमध्ये, म्हणजे परिसर अभ्यासात, 'माय फॅमिली'. आपल्या घराचं चित्र काढायचं होतं. सोनमनं दोन घरं काढली, मध्ये घाट, घाटात लाल एसटी. एसटीच्या खिडकीत एकच मुलगी. एका घराच्या दारात मी, हात फार लांब काढलेत. टीचरनं स्टार दिला.
घरी विचारते, आपली फॅमिली जॉइंट का न्यूक्लिअर? म्हटलं, न्यूक्लिअर. नंतर डिक्शनरीत बघितलं: अणूविषयक. म्हणजे लहान पण पॉवरफुल. बरोबर आहे.

१० नोव्हेंबर.
दिवाळीचा प्लॅन पक्का. गौरेशच्या मेव्हण्याचा टेम्पो ठरवला. सोनमला घेऊन आजऱ्याला जायचं, रेश्माकडून मशीन उचलायची, गडहिंग्लजला सासूबाईंच्या दारात उतरवायची. सिंधू बाहेर येईल. मी काही बोलणार नाही. मशीन बोलेल. परत येताना टेम्पोत मशीन, सिंधू, सोनम. पुढच्या सीटवर तिघं मावतात, विचारून घेतलंय. टीव्ही जमिनीवरच राहील.

१३ नोव्हेंबर. दुपारी ३. गडहिंग्लज.
रेश्मा म्हणाली, 'दादा, मशीन वहिनी जुलैतच घेऊन गेल्या. तुला सांगितलं नाही होय?'
टेम्पो रिकामाच पुढं आणला. सासूबाईंच्या पुढच्या खोलीला बोर्ड: सिंधू लेडीज टेलर्स. दोन बायका नंबर लावून बसल्या होत्या. सासूबाई अंगण झाडत होत्या. म्हटलं, पाय इतक्यात बरा झाला? म्हणाल्या, जूनमध्येच की.
सिंधूनं चहा दिला, कपबशीत. घरी मी स्टीलच्या पेल्यात पितो. बशी पाहुण्याला देतात, म्हणजे मान ठेवला. सोनम तिच्या पायाशी, पेडलला टेकून बसली होती. बोलायची थांबेना. सिंधू हसत होती आणि शिवत होती. मी बायकांच्या रांगेत तिसरा बसलो होतो.
ड्रायव्हरनं आत डोकावून विचारलं, काय काय भरायचं? म्हटलं, काही नाही.
सोनम आठवडाभर राहील. मी ड्युटीमुळे आजच निघतो.

१५ नोव्हेंबर.
फॅक्टरी सोमवारपर्यंत बंद आहे, हे विसरलो होतो. दिवसभर झोपून काढला. विश्रांतीची गरज होतीच. इंग्लिश: सोनमचं पुस्तक तिच्याच दप्तरात गेलंय.

५ डिसेंबर.
ख्रिसमस कॉन्सर्ट सोळा तारखेला. सोनम तीन नंबरची एंजल. एकच वाक्य आहे: डू नॉट बी अफ्रेड. मेंढपाळ घाबरतात तेव्हा म्हणायचं. बारीक आवाजात म्हणते. मी खोलीच्या दुसऱ्या टोकाला मेंढपाळ होऊन उभा राहिलो, म्हटलं, मला ऐकू आलं पाहिजे. चौदा वेळा म्हणवून घेतलं.
कोकणी नाताळगीतही शिकलीय. भांडी घासताना मलाही येऊ लागलंय.
सिंधूला फोन केला. कॉन्सर्टला ये. म्हणाली, 'बघते. लग्नाची ऑर्डर आहे.' बघते म्हणजे येते. लग्नाला चौदा वर्षं झाली, एवढं कळतं.

१६ डिसेंबर, शनिवार. संध्याकाळी ७.
हाफ डे घेऊन हॉलवर सर्वांच्या आधी पोचलो. पहिल्या रांगेत दोन खुर्च्या धरल्या. एकीवर मी, एकीवर हेल्मेट. एका बापानं विचारलं, ही रिकामी आहे? म्हटलं, माणूस येतंय. नंतर एक म्हातारी, नंतर एक सिस्टर. तिघांनाही तेच सांगितलं. सिस्टर दोन तास भिंतीला टेकून उभ्या राहिल्या. त्यांच्याकडे बघायचं टाळलं.
सोनमचं वाक्य शेवटच्या रांगेपर्यंत गेलं असणार. मला रुमाल काढावा लागला. हॉलमध्ये धूळ होती.
सिंधू आली नाही. इथपर्यंत लिहून झालं होतं. आत्ता सोनमचे पंख सोडवताना बघितलं, तर वेण्या चापूनचोपून घातलेल्या. माझ्याही नाहीत, टीचरच्याही नाहीत. विचारलं. म्हणाली, मम्मीनं घातल्या, स्टेजच्या मागं. मम्मी शेवटच्या रांगेत आनंदी आजीजवळ बसली होती. चारची एसटी पकडायची होती म्हणून लगेच गेली. तुम्ही दिसलात म्हणाली. तुमच्या शेजारी कुणीतरी यायचं होतं ना, म्हणून पुढं आली नाही.
चांगलं झालं. धावतपळत भेटण्यात काही अर्थ नसतो.

१८ डिसेंबर.
ते हेल्मेट होतं, असं सिंधूला फोन करून सांगावं का? कालपासून विचार चालू आहे. ख्रिसमसच्या गडबडीत नको.

२१ जानेवारी, रविवार.
सिंधूचा फोन. चौथीला सोनमला तिकडच्या इंग्लिश शाळेत घालू या, म्हणते. मी पाऊण पान मुद्दे काढून वाचून दाखवले. इथली शाळा, इथली टीचर, सोनमचं इंग्लिश, ॲनेट, ॲनेटचं मांजर. ती म्हणाली, 'सोनमला विचारा. मला नको, तुम्हाला सांगू दे.'
विचारलं. सोनम बराच वेळ पेन्सिलला टोक करत राहिली. म्हणाली, पप्पा, मला दोन्हीकडं राहायचंय. म्हटलं, ते जमत नाही, एक सांग. म्हणाली, मग मम्मीकडं. आणि लगेच माझ्या दंडाला धरून बसली. टोक केलेली पेन्सिल मला टोचत होती, हललो नाही.
परीक्षा जवळ आल्यात. टेन्शनमध्ये मुलं काहीही बोलतात.

९ मार्च, शनिवार.
ठरलं. आज सिंधूला तीन भागांची सॉरी. सोनमनं सकाळपासून घोटून घेतली. पहिला भाग येतो. दुसऱ्यात अडकतो. 'तुला न विचारता मशीन दिली ते चुकलं, पण'. इथं सोनम हात वर करते. सॉरीत 'पण' येत नाही पप्पा. परत पहिल्यापासून. पाच वेळा 'पण' आला. सहाव्यांदा गिळला.
संध्याकाळी फोन लावला. तिकडे मशीन चालू होती. मी म्हटलं, सिंधू, तुझी मशीन मी दिली. तू शिवणार म्हणाली होतीस ते मी ऐकलं नव्हतं. तुला विचारलं नाही, ते चुकलं. मशीन थांबली. तिसरा भाग, आता मी काय करणार, तो आठवेना. आठवेना म्हणजे ठरवलाच नव्हता. मशीन तर तिच्याकडेच आहे. टेम्पोही परत गेला.
सिंधू म्हणाली, 'सांगितलंत ते बरं केलंत.' आवाज जरा वेगळा वाटला. मी वाट बघितली. मग मशीन परत सुरू झाली.
तीनातले दोन भाग झाले. सोनम म्हणाली, पासिंगला पुरेत.

२७ एप्रिल.
रिझल्ट. सोनमला सगळीकडे ए. रिमार्क: 'मोकळेपणी बोलते. नवीन मुलांना आपल्या शेजारी बसवून घेते.' लुर्डिना टीचरना म्हटलं, शी लर्न्ड मच. एवढं एक बरोबर आलं असावं, कारण त्या इंग्लिशमध्ये उत्तरल्या. काय म्हणाल्या ते पूर्ण कळलं नाही. तोपर्यंत सोनमनं त्यांच्या कमरेला मिठी मारली होती आणि टीचर चष्मा पुसत होत्या.

२ मे.
शाळेच्या ऑफिसात लीव्हिंग सर्टिफिकेटचा फॉर्म भरला. शाळा सोडण्याचं कारण काय, ह्या रकान्यापाशी पेन थांबलं. क्लार्क म्हणाला, लिहा ना, ट्रान्सफर ऑफ पॅरेंट, सगळे तेच लिहितात. लिहिलं. खोटं नाही. दोनातल्या एका पॅरेंटची ट्रान्सफर झालेलीच आहे.

५ मे, रविवार. गडहिंग्लज.
सोनमला पोचवलं. दप्तर, दोन पिशव्या, एंजलचे पंख. पंख एसटीत मांडीवर धरून आणले, वाकले नाहीत.
जेवण झाल्यावर सिंधूनं सांगितलं, इथल्या एमआयडीसीत पॅकिंगला माणूस हवाय. मालकाची बायको तिच्याकडे शिवायला टाकते, तिच्याशी बोलून ठेवलंय. पोस्ट हेल्परची आहे. माझ्याकडे बघत नव्हती, सुईत दोरा ओवत होती. म्हणाली, 'बघा, यायचं असेल तर.'
मी तिला नीट समजावून सांगितलं. माझ्या हाताखाली अकरा माणसं आहेत. इन्चार्जची ऑर्डर कधीही निघेल. अशा वेळी हेल्पर म्हणून येणं करिअरच्या दृष्टीनं बरोबर नाही. इन्चार्ज झालो की मोठी खोली घेऊ, मग तुम्हीच दोघी तिकडे या. 'बरं,' म्हणाली.
तिला पटलं. तीनची गाडी मिळाली. घाटात बाजूची सीट रिकामी होती, ऐसपैस बसता आलं.

७ मे.
इन्चार्जची ऑर्डर निघाली. गौरेश झाला. पेढा घेऊन पहिल्यांदा माझ्याकडेच आला. म्हणाला, केरबा, तू शिकवलंस म्हणूनच रे. खरं आहे ते. आनंद वाटला. पेढा खिशात ठेवला, सोनमला म्हणून. घरी आल्यावर लक्षात आलं.

८ मे.
खोली आवरली. सगळं जिथल्या तिथं आहे. आवरायला अर्धा तास पण लागला नाही. आनंदी मावशी दारात येऊन म्हणाली, 'चेडूं गेलें न्हय रे? घर कशें ओगी पडलें.' म्हटलं, हो, शांत झालं, आता वाचन होईल. ती मान हलवून गेली.

९ मे, गुरुवार. संध्याकाळी ७.
हेल्पर म्हणजे तसं वाईट नाही. आठ तासांचं काम, घरी जेवायला जाता येतं. दिवसभर हाच विचार. सुटल्यावर गेटजवळूनच सिंधूला फोन लावला. पाठ काही केलं नव्हतं. म्हटलं, मी येतो. हेल्पर तर हेल्पर.
तिकडचा मशीनचा आवाज बंद झाला. मला वाटलं, रेंज गेली.
मग म्हणाली, 'मंगळवारी घेतलं हो त्यांनी दुसरं माणूस. दोन दिवस थांबा म्हणून मीच सांगून ठेवलं होतं त्यांना.'
मी म्हटलं, असू दे. ती म्हणाली, दुसरीकडं कुठं निघालं तर कळवते. म्हटलं, कळव.
सोनमनं फोन घेतला. विचारलं, पप्पा, जेवला का?
म्हटलं, जेवलो.
भात अजून लावायचा आहे.